अश्विनीकुमारांचे आसन



आपल्या सभासद कुटुंबांतून एक प्रश्न अलीकडे वारंवार आमच्यापुढे येतो. घरातील एखाद्या माणसाला कर्करोग असल्याचे निदान होते. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, औषधांनी केस गळतात, अन्न गोड लागत नाही, घरातील सोने सराफाकडे जाते; आणि ईश्वरकृपेने तो माणूस त्यातून उठतो. पाच वर्षे जातात, दहा जातात, क्वचित वीसही जातात. अशा वेळी त्या कुटुंबाने आपला आनंद मंदिरात, चारचौघांच्या देखत साजरा करावा किंवा नाही, असा तो प्रश्न आहे.

वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्या रोगाचे नावसुद्धा काढू नका, दृष्ट लागेल. मुलीबाळींची लग्ने व्हायची आहेत." तरुण मंडळी म्हणतात, "एवढ्या मोठ्या संकटातून सुटलो, मग महाप्रसाद का करू नये?" आणि याच मंदिरात, याच सभामंडपाच्या एखाद्या खांबाशी टेकून, एक तिसरे कुटुंब मुकाट्याने बसलेले असते. त्यांनीही नवस केले होते, पारायणे केली होती, त्याच रुग्णालयाच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. परंतु त्यांचे माणूस परत आले नाही. दुसऱ्याच्या घरच्या उत्सवाचा प्रसाद हातावर घेताना त्यांच्या मनात काय येत असेल?

या तिन्ही पक्षांना पुरेसे होईल असे उत्तर दिल्यावाचून या प्रश्नाची बोळवण करता येणार नाही. म्हणून या अंकात या विषयाचे थोडे निरूपण करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शास्त्राचा आधार पाहू. मिळालेल्या आयुष्याबद्दल आनंद मानणे हे आपल्या धर्माला मुळीच अमान्य नाही. किंबहुना त्यासाठी विधी सांगितलेले आहेत. साठाव्या वर्षी उग्ररथशांती, सत्तराव्या वर्षी भीमरथशांती आणि एक सहस्र पौर्णिमांचा चंद्र पाहिलेल्या वृद्धाचे सहस्रचंद्रदर्शन आपल्या घराघरांत होत असते. दरवर्षी वाढदिवशी करावयाचा वर्धापनविधी आज मागे पडला असला तरी तो पुष्कळांच्या आजी-आजोबांना ठाऊक होता. त्यात सप्तचिरंजीवांचे व मार्कंडेयाचे पूजन करतात आणि तीळगूळ घातलेले दूध प्राशन करतात. हा मार्कंडेय कोण? सोळाव्या वर्षी मरण ठरलेला मुलगा! आयुष्याची मुदत आधीच सांगून टाकलेल्या बालकाला आपल्या पूर्वजांनी वाढदिवसाचे दैवत मानिले, यात मोठा अर्थ आहे. ज्याचे आयुष्य हातून निसटता निसटता राहिले, त्यालाच आयुष्याचे मोल खरे कळते. म्हणून त्याचे स्मरण करून आपण आपले वर्ष मोजावयाचे. तेव्हा दुर्धर व्याधीतून तरलेल्या माणसाने आपली वर्षे मोजली, तर दृष्ट लागण्याचे काही कारण नाही. तो धर्माचीच रीत पाळीत असतो.

परंतु आनंद करावा हे एकदा ठरले, तरी तो कसा करावा हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणा सुरतकरांना दूर जावे लागत नाही. आपली तापीमाई मुलताईला उगम पावते, भुसावळ-जळगावचा मुलूख भिजवीत खानदेशातून वाहते आणि सुरतेपाशी सागराला मिळते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे याच नदीच्या काठाकाठाने, पोटापाण्यासाठी, खानदेशातून उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत येऊन स्थिरावली. पुराणे तापीला सूर्यकन्या म्हणतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मोत्सव होतो आणि सुरतेचे लोक तिला चुनरी अर्पण करतात. तिच्याच तीरावर अश्विनीकुमार नावाचा घाट आहे. अश्विनीकुमारांनी तेथे तप केले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. शेजारच्या तीन पानांच्या वडापाशी कर्णाला अग्नी दिला गेला, असेही येथील लोक मानतात.

आता एक नाते लक्षात घ्या. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य, पिता सूर्य. तापी ही सूर्याची कन्या, कर्ण सूर्याचा पुत्र, आणि यमधर्मही सूर्याचाच पुत्र. म्हणजे रोग बरा करणारे आणि प्राण नेणारा, हे एकाच पित्याचे पुत्र आहेत. आणि आपल्या नगरातील मोठी स्मशानभूमी ज्या घाटावर आहे, त्याला यमाचे नाव नसून वैद्यांचे नाव आहे! या घाटावर आपण आपली प्रिय माणसे अग्नीच्या स्वाधीन केली आहेत. तेथून परतताना वैद्यांवर रुसून परतणारे पुष्कळ असतात. परंतु या नावातून आमच्या मनात एक विचार येतो. वैद्य आणि यम ही भावंडे एकमेकांची वैरी नाहीत. वैद्य हरला म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि वैद्य जिंकला म्हणून यम कायमचा परत जात नाही. दोघेही एकाच प्रकाशाचे अंश आहेत. मधे जो अवधी मिळतो, त्याचे काय करावयाचे एवढेच माणसाच्या हाती असते.

त्या अवधीचे काय करावे, हे सांगणारी एक कथा महाभारताच्या वनपर्वात आली आहे. पांडव तीर्थयात्रेत पयोष्णी आणि नर्मदा यांच्या परिसरात आले असता लोमश ऋषी युधिष्ठिराला ती सांगतात. पयोष्णी म्हणजे तापीच किंवा तिला मिळणारी पूर्णा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु ही कथा आपल्याच मुलखाच्या आसपास सांगितली गेली, हे खरे.

च्यवन ऋषी तप करीत बसले, ते इतका काळ की अंगावर वारूळ वाढले. राजा शर्यातीची कन्या सुकन्या हिने अजाणता त्या वारुळात चमकणाऱ्या दोन बिंदूंना काट्याने टोचले. ते ऋषींचे नेत्र होते. पुढे सुकन्येचा विवाह याच वृद्ध, जर्जर ऋषीशी झाला आणि तिने त्यांची मनोभावे सेवा केली. एके दिवशी अश्विनीकुमार तेथे आले. त्यांनी तिला पतीला सोडण्याचा मोह घातला, आणि ती ढळत नाही असे पाहून पतीला पुन्हा तारुण्य देण्याचे मान्य केले. च्यवन आणि ते दोघे वैद्य जळात उतरले व तिघेही एकसारखे तेजस्वी होऊन बाहेर आले. सुकन्येने आपला पती ओळखला.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. च्यवनप्राशाच्या डबीने ती घरोघर पोहोचविली आहे. परंतु कथेचे मर्म पुढेच आहे. बरे झाल्यावर च्यवनाने पहिले काम कोणते केले? त्याने वैद्यांची उणीव भरून काढली. अश्विनीकुमार देव असूनही त्यांना यज्ञात सोमरसाचा भाग मिळत नसे. इंद्राचा आक्षेप असा की हे दोघे वैद्य आहेत, मर्त्य माणसांत वाटेल तसे हिंडतात, त्यांना देवांच्या पंक्तीत कसे बसू द्यावे! म्हणजे ज्यांनी आजारी माणसाला हात लावावयाचा, त्यांनाच आजारपणाचा विटाळ! च्यवनाने शर्यातीच्या यज्ञात स्वतःच्या हाताने त्यांचा सोमाचा पेला भरला. इंद्राने वज्र उगारले, तेव्हा च्यवनाने त्याचा हात जागच्या जागी स्तंभित केला. पण भरलेला पेला मागे घेतला नाही. अखेर इंद्राला माघार घ्यावी लागली आणि अश्विनीकुमारांना यज्ञात कायमचे आसन मिळाले.

भाविकहो, रोगमुक्तीचा उत्सव कसा करावा, याचे उत्तर या कथेत आहे. ज्यांच्यामुळे आपण वाचलो त्यांना आसन द्यावे, आणि आजाऱ्याला व त्याला हात लावणाऱ्याला लोकांनी जो विटाळ मानलेला असतो तो मोडून काढावा. या दोन गोष्टी घडल्या म्हणजे उत्सव घडला. त्या घडल्या नाहीत, तर पंक्ती कितीही उठोत, ते केवळ जेवण झाले.

आता आजच्या काळातील अश्विनीकुमार कोण, ते पाहू. आपल्या सुरतेला लागूनच नवसारी आहे. तेथे १८३९ साली जमशेटजी टाटांचा जन्म झाला. त्यांच्या सूनबाई, सर दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई, यांना रक्ताच्या कर्करोगाने ग्रासले आणि १९३१ साली त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. परंतु त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दरवाजे उघडले. एका घरात दिवा विझला, पण त्या दुःखातून लाखो घरांत दिवा राहावा अशी सोय झाली. जे वाचले नाहीत तेही वाचविणाऱ्यांत मोडतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे आम्हांला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

या रुग्णालयाच्या आरंभापासून तेथे झटणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांतील कर्करोगांचा, विशेषतः तोंडाच्या कर्करोगाचा, कसून अभ्यास केला. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची विद्या रुजविली. गोव्याकडचे शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी आपले सारे आयुष्य याच रुग्णांना वाहिले. परळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. डॉ. सुरेश अडवाणी यांना बालपणीच पोलिओने चाकांच्या खुर्चीला जखडले, तरी १९८३ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एका नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जेचे यशस्वी रोपण केले. मज्जा दिली ती तिच्या सख्ख्या भावाने. भाऊबीजेची ओवाळणी आपण सर्वच घालतो. परंतु या भावाने घातलेल्या ओवाळणीला तोड नाही.

हे वैद्य नुसते मोठ्या यंत्रांवर विसंबून राहिले असेही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा एक दीर्घ अभ्यास डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली झाला. थोडेफार शिकलेल्या स्थानिक भगिनींना शिकवून तयार केले. स्वयंपाकघरात असतो तसल्या सिरक्याच्या जातीचे सौम्य आम्ल गर्भाशयाच्या मुखाला लावावयाचे आणि तेथे पांढरेपणा दिसतो काय ते पाहावयाचे, एवढीच ती तपासणी. अशा तपासणीचा लाभ मिळालेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. पैशाची रास नव्हे, तर वेळेवर पाहणारे डोळे माणसाला वाचवितात, हाच त्याचा बोध आहे.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९४८ सालापूर्वी या रोगावर औषध असे नव्हतेच. मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाई. त्या वर्षी अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने हा रोग काही काळ मागे हटविता येतो असे दाखविले. मग एकेका औषधाची जोड देत देत ही विद्या वाढत गेली. आज संपन्न देशांत यातील सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची दहांपैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्या देशातही वेळेवर आणि पुरा उपचार मिळालेली असंख्य मुले बरी होऊन संसाराला लागली आहेत. अशा मुलांची उपचारानंतरची देखरेख करण्यासाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र विभाग आहे. आणि बऱ्या झालेल्या तरुणांनी २००९ साली 'उगम' नावाने आपला एक संघ बांधला आहे. नदीच्या काठी राहणाऱ्या आपणांस या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

वैद्यांच्या आसनाबरोबर सुकन्येचे आसन मांडावयाचे विसरू नये. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसणारी पत्नी, नोकरीवर रजा टाकून रेल्वेने परळच्या खेपा घालणारा मुलगा, पथ्याचे वेगळे रांधणारी सून, डबा पोहोचविणारा शेजारी, वॉर्डातील परिचारिका, आया आणि केर काढणारे हात, हे सारे सुकन्येच्याच कुळातले. रोगी बरा झाला की सर्वजण त्याचे अभिनंदन करतात. त्याच्यामागे जी झिजली तिची विचारपूस कोणी करीत नाही. आपल्या संतपरंपरेने मात्र ही गोष्ट ओळखली होती. गाडगे महाराजांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गरीब रुग्ण व त्यांचे नातलग आसरा घेतात. ज्या महात्म्याने हाती खराटा घेतला, त्याच्या नावाने कर्करोग्याला छप्पर मिळावे, याहून उचित गोष्ट ती कोणती? देवळातला देव आणि धर्मशाळेतला रुग्ण यांत ज्याला भेद दिसला नाही, त्याचेच कीर्तन खरे.

आता आपण त्या खांबाशी बसलेल्या कुटुंबाकडे वळू. हा या निरूपणाचा अवघड भाग आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

रोगातून उठलेला माणूस भरल्या गळ्याने म्हणतो, "माझी श्रद्धा होती म्हणून मी वाचलो." त्याच्या भावनेत खोटे काही नाही. श्रद्धेने मनाला धीर येतो, धीर असला की उपचार अर्धवट सुटत नाहीत, हेही खरे. परंतु हेच वाक्य शेजारच्या घरात पोहोचते तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. "मग आमच्या माणसाची श्रद्धा उणी पडली काय?" असा तो बाण होऊन लागतो.

या प्रश्नाचे उत्तर तर्काने न देता तीन महापुरुषांची नावे घेऊन देणे बरे. श्रीरामकृष्ण परमहंसांना गळ्याचा कर्करोग झाला आणि १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांनी देह ठेविला. अरुणाचलाच्या रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली. एकामागून एक शस्त्रक्रिया होऊनही ती पुन्हा पुन्हा उद्भवली आणि १४ एप्रिल १९५० रोजी ते ब्रह्मलीन झाले. मुंबईच्या खेतवाडीत राहून, विडीचे दुकान चालवून, साध्या मराठीत अद्वैताचा उपदेश करणारे निसर्गदत्त महाराज ८ सप्टेंबर १९८१ रोजी गळ्याच्या कर्करोगानेच गेले. या तिघांची श्रद्धा उणी होती असे म्हणावयास कोणाची जीभ धजेल? तेव्हा आयुष्य हे श्रद्धेचे वेतन नव्हे. देव कोणाच्या भक्तीचे माप घेऊन त्याप्रमाणे वर्षे मोजून देत नाही. ज्यांना वर्षे मिळाली त्यांना प्रसाद मिळाला. ज्यांना मिळाली नाहीत त्यांचा अपराध झाला असे नव्हे.

तीच गोष्ट "पूर्वजन्मीचे पाप" या बोलण्याची. कर्मसिद्धांत हा आपल्या स्वतःच्या आचरणाला वळण लावण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या अंथरुणाशी उभे राहून त्याचा हिशेब मांडण्यासाठी नाही. आपल्या प्राचीन वैद्यांनी कर्मविपाक मानला, तरीही सुश्रुताने अर्बुदाची लक्षणे लिहून ठेविली आणि त्यावर शस्त्र चालविण्याचा विचार केला. तो हात जोडून स्वस्थ बसला नाही. मग आपण शेजाऱ्याचे भांडे वेगळे काढतो, त्याच्या मुलीचे स्थळ नाकारतो, त्याला नोकरीवर परत घेण्यास कचरतो, ते कोणत्या शास्त्राच्या आधाराने? कर्करोग हा स्पर्शाने, ताटात जेवल्याने वा शेजारी बसल्याने होत नाही. बालपणी या रोगातून बरी झालेली मुलगी वधूपरीक्षेच्या वेळी आपले आजारपण लपविते, यात दोष तिचा नव्हे. तिला लपवावयास लावणाऱ्या आपला आहे. इंद्राने अश्विनीकुमारांचा जो विटाळ मानला, तोच हा विटाळ. तो मोडावयाचा असेल, तर बरे झालेल्या माणसाने मंदिरात उभे राहून "मला हा रोग झाला होता" असे मोकळेपणाने म्हणणे हेच च्यवनाचे कार्य होय. वडीलधाऱ्यांना वाटणारी दृष्टीची भीती आम्ही समजू शकतो. परंतु रोगाचे नाव लपविल्याने ज्याला आज पहिली गाठ हाताला लागली आहे तो माणूसही ती लपवितो, आणि वैद्याकडे उशिरा जातो. एकाचे मौन दुसऱ्याचे मरण होऊ शकते.

कथेचा शेवट अजून राहिला आहे. इंद्राचा हात स्तंभित करून च्यवन थांबला नाही. त्याने मद नावाचा एक अक्राळविक्राळ असुर उत्पन्न केला. इंद्र शरण आल्यावर त्या मदाचे काय करावयाचे, हा प्रश्न पडला. तेव्हा च्यवनाने त्याचे तुकडे करून मद्यपान, द्यूत, मृगया यांसारख्या व्यसनांत वाटून टाकिले. म्हणजे संकट टळले तरी त्याचा अंश व्यसनाच्या रूपाने संसारात शिल्लक राहिलाच. आमच्या सुरतेत तो अंश मावा, गुटखा आणि तंबाखूच्या चंचीत दडून बसलेला आहे. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या घेऊन तळहातावर एकत्र करणाऱ्याचा हात कायदा कोठवर धरणार? मागावर बारा बारा तास उभा राहणारा कामगार झोप उडविण्यासाठी गालात गोळी धरतो. पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तोंड पुरे उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. ही निसर्गाने दिलेली पूर्वसूचना असते. ती ऐकली तर पुष्कळदा रोग टळतो किंवा मुळातच खुडता येतो.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण महाराष्ट्रात आहे. राजकारणाशी या पत्रकाला कर्तव्य नाही. म्हणून केवळ एक रुग्ण या नात्याने आम्ही श्री. शरद पवार यांचा उल्लेख करतो. २००४ साली, लोकसभेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, त्यांना तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. केंद्रात कृषिखाते सांभाळताना सकाळी कार्यालयाचे काम आणि दुपारी उपचार, असा आपला क्रम होता, वेदना असह्य होत, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. सहा महिन्यांत महत्त्वाची कामे उरकून घ्या, असे एका डॉक्टरांनी सुचविल्याचेही त्यांनी सांगितले आहे. त्यानंतर वीस वर्षे लोटली. २०२४ सालच्या निवडणुकांत, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते गावोगाव सभा घेत होते. परंतु आम्हांस त्यांच्या दीर्घ आयुष्यापेक्षाही एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. हा रोग आपणास तंबाखू-सुपारीच्या सवयीमुळे जडला, हे त्यांनी लपविले नाही. उलट तरुणांनी या वाटेस जाऊ नये म्हणून ते व्यासपीठांवरून सांगत राहिले. स्वतःच्या जखमेचा दुसऱ्यासाठी दिवा करणे म्हणतात ते हेच.

असो. आता या विवेचनाचा व्यवहार काय, ते थोडक्यात सांगतो.

ज्या कुटुंबाला आपल्या माणसाच्या रोगमुक्तीचे वर्ष साजरे करावयाचे असेल, त्याने ते अवश्य मंदिरात करावे. वर्धापनाचा जुना विधी करावा. मार्कंडेयाचे पूजन करून तीळगुळाचे दूध सर्वांना द्यावे. पंक्तीत पहिले पान परिचारिकेसाठी, औषधे देणाऱ्यासाठी, घरातील सुकन्येसाठी मांडावे. दुसरे पान ज्यांचे माणूस त्याच रोगाने गेले त्या कुटुंबासाठी मांडावे, आणि यजमानाने स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावणे करावे. त्यांना यावेसे वाटले नाही, तर राग मानू नये. प्रसाद त्यांच्या दारी पोहोचवून गेलेल्याचे नाव आदराने घ्यावे. त्या कुटुंबांनाही आमची नम्र विनंती आहे की, आपल्या माणसानेही उपचार घेता घेता वैद्यांच्या ज्ञानात भर घातली आहे. आज जो औषधक्रम एकाला तारतो, तो आधीच्या अनेकांच्या देहांवर शिकलेला आहे. मेहेरबाई गेल्या आणि रुग्णालय उभे राहिले, हे आम्ही वर सांगितले ते याचसाठी. म्हणून या उत्सवाचे खरे यजमानपद आपलेही आहे.

बरे झालेल्यांनी तपासणीच्या तारखा एकादशीइतक्या निष्ठेने पाळाव्यात. पाच वर्षे झाली म्हणून वैद्याकडे जाणे सोडू नये. आणि तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही म्हणून आपली श्रद्धा डळमळली असेही समजू नये. ती भीती शरीराला असलेली जुनी आठवण आहे. नव्याने निदान झालेल्या एखाद्या घाबऱ्याघुबऱ्या माणसाबरोबर रुग्णालयात जाऊन तासभर बसावे. "मीही याच बाकावर बसलो होतो" हे तुमचे वाक्य त्याला जो धीर देईल, तो दुसऱ्या कोणाच्या शब्दांनी येणार नाही. आणि आपण सर्वांनी मंदिराच्या आवारात, लग्नकार्यात, पाहुणचारात तंबाखू-सुपारीचे तबक फिरविण्याची चाल बंद करावी. घरातील स्त्रियांनी लाज न धरता आपली तपासणी करून घ्यावी, आणि पुरुषांनी आरशापुढे तोंड उघडून आठवड्यातून एकदा तरी आत पाहावे. यास पैसा लागत नाही. केवळ मदाला शरण न जाण्याचा निश्चय लागतो.

सूर्य रोज उगवतो. त्याची एक कन्या आपल्या गावावरून वाहते, दोन पुत्र आजाऱ्याला उठवितात आणि एक पुत्र नेमल्या वेळी हात धरून नेतो. त्या चौघांपैकी आज आपल्या दारी कोण येईल हे आपल्या हाती नाही. परंतु जो दिवस मिळाला तो च्यवनासारखा, दुसऱ्यासाठी आसन मांडण्यात घालवावा, एवढे मात्र आहे. व्याधीतून तरलेल्या आमच्या सर्व बंधुभगिनींना दीर्घायुष्य लाभो, उपचार घेत असलेल्यांना बळ मिळो, आणि जे गेले त्यांच्या स्मृतीला या मंदिरात सदैव मानाचे स्थान राहो, हीच सूर्यनारायणाच्या चरणी आम्हां सर्वांची प्रार्थना.

इति शम्।